बोटॅनिकल इलस्ट्रेशन आणि झाडांची ओळख: क्लासला जाऊन दोन्ही एकत्र कसं शिकायचं

बोटॅनिकल इलस्ट्रेशनचा, म्हणजे झाडांच्या शास्त्रीय चित्रांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, माझं ड्रॉइंग काही खास नाहीये, मला जमेल का? जमतं. ज्याला मोजता येतं आणि एका फुलाशी तासभर बसायचा पेशन्स आहे त्याला हे नक्की जमतं, कारण या चित्रात सुंदर दिसणं नंतर येतं, आधी बरोबर असावं लागतं. पाकळ्या सहा असतील तर सहाच, पानं समोरासमोर असतील तर समोरासमोरच. चित्र बघून दुसऱ्या माणसाला ते झाड ओळखता आलं पाहिजे, तेवढ्यासाठी ते काढायचं.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की चित्र काढणं आणि झाड ओळखणं हे वेगवेगळं शिकू नये. नुसता पेंटिंगचा क्लास केला तर छान गुलाबी फूल काढता येतं पण ते कशाचं आहे ते सांगता येत नाही, आणि नुसत्या ट्री वॉकला गेलं तर पन्नास नावं कानावर पडतात आणि आठवड्यात चाळीस विसरतात. हातात पेन्सिल असली की नाव डोक्यात राहतं, कारण ते झाड आपण मोजलेलं असतं.

पुण्याचंच उदाहरण बघा. दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी बोटॅनिकल गार्डन होती आणि अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर तिची व्यवस्था बघायचा. त्याने 1847 ते 1850 च्या सुमारास एका चित्रकाराकडून तिथल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, 170 च्या आसपास. चित्रकाराचं नाव कुठेच नोंदवलेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं, पण त्याच्या चित्रांवरून ती झाडं दीडशे वर्षांनीसुद्धा ओळखता आली.

पायरी 1: क्लास निवडताना काय विचारायचं

पुण्या-मुंबईत वीकेंड वर्कशॉप बरेच होतात, बाकी शहरांतही निसर्गप्रेमींचे ग्रुप, कॉलेजचे बॉटनी डिपार्टमेंट यांच्यातर्फे अधूनमधून होतात. फी भरायच्या आधी फोन करून विचारा की समोर खरी फांदी असणार का फोटोवरून काढायचं. फोटोवरून असेल तर माझ्या मते जाऊ नका. फोटोत फूल एकाच बाजूने दिसतं, ते उलटं करता येत नाही, कापता येत नाही, आणि ओळखीच्या खुणा बऱ्याचदा नेमक्या मागच्या बाजूला असतात. दुसरं विचारायचं ते म्हणजे फूल उघडून आतले भाग दाखवणार का, आणि शिकवणाऱ्यांपैकी एकाला तरी बॉटनी येतं का. बॅच दहा-पंधराची असेल तर उत्तम, तीस जणांच्या बॅचमध्ये तुमच्या वहीकडे कोणी बघत नाही.

पायरी 2: सामान

सुरुवातीला रंगांवर पैसे घालू नका. आधी एक 10एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, ज्याला लूप म्हणतात ते, बाकी सगळ्यापेक्षा याचा उपयोग जास्त. ते डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि फूल जवळ आणायचं, साधारण अडीच सेंटीमीटरवर स्पष्ट दिसतं. बरेच जण भिंग फुलाजवळ धरून लांबून बघतात आणि मग म्हणतात काही दिसत नाही. मग 2एच, एचबी आणि 2बी पेन्सिली, मऊ खोडरबर, पट्टी, कंपासपेटीतला डिव्हायडर, नवीन ब्लेड, एक सुई आणि चिमटा. सरावाला जाडसर कार्ट्रिज पेपर चालतो. रंगवायला लागलात की 300 जीएसएमचा हॉट प्रेस्ड वॉटरकलर पेपर घ्या, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो म्हणून बारीक शिरा काढता येतात, खरखरीत पेपरवर त्या तुटतात. ब्रश दोनच, राउंड 2 आणि 4 नंबर, पण टोक चांगलं पाहिजे.

पायरी 3: पेन्सिल उचलायच्या आधीची दहा मिनिटं

क्लासमध्ये फांदी हातात आली की लगेच आउटलाइन काढायची घाई होते. थांबा. आधी पानं बघा. एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत का एकाच पेरावर तीन-चार? साधं पान आहे का संयुक्त, म्हणजे एकच पान छोट्या छोट्या पर्णिकांत विभागलेलं? इथे सगळे अडकतात, कारण कडुनिंबाची पर्णिका स्वतंत्र पानासारखीच दिसते. खूण सोपी आहे, पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात नसते. कळी सापडेपर्यंत मागे मागे जायचं, जिथे सापडली तिथून पुढचं ते सगळं मिळून एक पान.

मग पान थोडं तोडून चीक येतो का बघा, चुरगाळून वास घ्या, उजेडात धरून बघा. लिंबाच्या पानात उजेडाकडे धरलं की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. खोड चौकोनी, पानं समोरासमोर आणि वास येतोय म्हटलं की तुळशीच्या फॅमिलीचा विचार सुरू करायचा. पानं समोरासमोर आहेत आणि दोन देठांच्या मधे खोडावर छोटं त्रिकोणी पातं आहे तर कॉफी, कदंब, एक्झोरा यांची फॅमिली. अशा दहा-बारा खुणा पक्क्या झाल्या तरी निम्मं काम सोपं होतं.

एक मात्र कडक नियम ठेवा, ओळखीसाठी चव कशाचीच घ्यायची नाही. कण्हेर, धोतरा विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, बिब्ब्याने अंगावर फोड येतात, आणि खाजकुइलीच्या शेंगेला तर हातच लावू नका.

पायरी 4: पहिलं फूल जास्वंदीचं काढा

जास्वंद वर्षभर मिळते, फूल मोठं असतं आणि सगळे भाग नुसत्या डोळ्यांनी दिसतात. फक्त एकेरी घ्या, गेंदेदार नको, कारण गेंदेदार फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि नवशिक्याचा पूर्ण गोंधळ उडतो. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत मिटायला लागतं म्हणून काम सकाळीच सुरू करा, आणि जास्तीची दोन फुलं ओल्या कापसात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा.

आधी डिव्हायडरने लांबी-रुंदी मोजून कागदावर खुणा करा, शक्यतो आहे त्याच मापात काढायचं. 2एच ने हलक्या हाताने मधला दांडा काढा, तो चित्राचा कणा, मग त्याच्याभोवती पाच पाकळ्या. कोणती पाकळी कुणाच्या वर आहे ते नीट बघा, प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली असते, सगळीकडे एकाच दिशेने. हे ज्याने काढलं त्याने जास्वंद खरंच बघितली. कळी आडवी कापली तर हाच पीळ आतमध्ये आणखी स्पष्ट दिसतो.

आता फूल उलटं करा. पाच टोकांची हिरवी वाटी दिसेल आणि तिच्याखाली अरुंद हिरव्या पट्ट्यांचा आणखी एक घेर दिसेल. या दुसऱ्या घेराला उपनिदल म्हणतात आणि जास्वंदीच्या फॅमिलीत तो खूप जणांकडे असतो. समोरून फोटो काढला की नेमका हाच लपतो.

मग ब्लेडने फूल वरपासून खालपर्यंत उभं मधोमध कापायचं, एकाच झटक्यात, करवतीसारखं मागे-पुढे केलं की आतलं सगळं चुरडतं. मधला जो दांडा आहे तो म्हणजे पुंकेसरांचे तंतू एकत्र जुळून झालेली नळी, तिच्यावर पिवळ्या परागांच्या पिशव्या. या नळीच्या आतून स्त्रीकेसराचा धागा वर येतो आणि टोकाला पाच फाटे होतात, प्रत्येकावर मखमली लाल गोळा. तळाशी अंडाशय असतो, तो आडवा कापला की भिंगातून पाच कप्पे दिसतात. घरी आल्यावर भाजीची भेंडी आडवी कापून शेजारी ठेवा, तिथेही बहुधा पाचच कप्पे मिळतील, कारण भेंडी त्याच फॅमिलीची. कापूसही त्याच घरातला. हे एकदा स्वतः कापून काढलं की मालव्हेसी हे या फॅमिलीचं नाव पाठ करावं लागत नाही.

कागदावर मांडणी अशी ठेवा की पानांसकट फांदी मोठी, बाजूला उभा छेद, अंडाशयाचा आडवा छेद, एक पुंकेसर मोठं करून. जे मोठं केलंय तिथे किती पट ते लिहा किंवा मापाची रेघ काढा. उजेड डावीकडून वरून येतोय असं धरून शेडिंग करायचा रिवाज आहे, तो पाळला की सगळ्या पानांवर सावली एकसारखी पडते.

पायरी 5: पान आणि रंग

पानाची आउटलाइन आधी काढू नका. आधी मधली शीर, मग उपशिरा किती, कुठून निघतात आणि कडेपर्यंत जातात का आधीच वळतात ते मोजून काढा, आणि कड सगळ्यात शेवटी. वळलेलं पान असेल तर मधली शीर एकाच सलग रेषेत काढा, जिथे ती दिसत नाही तिथेही मनात चालू ठेवा, नाहीतर पान तुटल्यासारखं वाटतं.

रंगांचं थोडक्यात सांगते. ट्यूबमधला हिरवा तसाच लावू नका, पिवळा आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा, फार भडक वाटला तर किंचित लाल टाका. पातळ थर द्या, वाळू द्या, मग पुढचा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो आणि पंखा लावला की फूल कोमेजतं, म्हणून फुलाच्या रंगाचा छोटा ठिपका पहिल्या पाच मिनिटांतच कागदाच्या कोपऱ्यात करून ठेवायचा.

पायरी 6: नावापर्यंत कसं पोचायचं

मोबाईलमधलं अॅप वापरा, जरूर वापरा, पण ते जे नाव देतं त्याला अंदाज समजा. खरी पद्धत म्हणजे ‘की’ (key) वापरणं. की म्हणजे दोन-दोन वाक्यांची साखळी, तुमच्या झाडाला त्यातलं कोणतं लागू होतं ते निवडत पुढे जायचं. आपल्या भागासाठी थिओडोर कूक यांचा 1901 ते 1908 दरम्यान आलेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ, अजूनही उघडला जातो, आणि हे कूक पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपल होते. त्यातली बरीच शास्त्रीय नावं आता बदललीत, म्हणून नवीन नाव ऑनलाइन तपासून घ्यायचं.

ताम्हण घ्या, आपलं राज्यफूल. जांभळ्या-गुलाबी, कडेला चुरगळलेल्या, बहुतेक वेळा सहा पाकळ्या, तळाशी त्या अगदी बारीक देठासारख्या होतात, मधे भरपूर पुंकेसर. आता मागची वाटी बघा, तिच्यावर उभे कंगोरे असतात आणि बोट फिरवलं तर लव लागते. ताम्हणाचेच भाऊबंद आपल्या जंगलात आहेत, छोट्या पांढऱ्या फुलांचे, त्यांना कुठे नाणा म्हणतात, कुठे बोंडारा, तर कुठे एकच नाव दोघांना, म्हणून गावचं नाव वहीत जरूर लिहा पण ओळख त्यावर ठरवू नका. त्यांच्या वाटीवर असे कंगोरे नसतात. फुलं नुसती रंगावरून बघितली असती तर हा फरक वहीत आलाच नसता.

लाल फुलांचे पळस आणि पांगाराही असेच घोळात टाकतात, दोघांनाही तीन-तीन पर्णिका, फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर. पांगाऱ्याच्या खोडा-फांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात, आणि पळसाच्या पर्णिका मोठ्या, जाड, चिवट, म्हणून तर त्यांच्या पत्रावळी होतात.

तरीही अडलं तर हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, इथे वाळवलेले नमुने जपून ठेवलेत. आधी परवानगी घ्या आणि सोबत स्वतःचं मोजमापासकट चित्र घेऊन जा. नुसता फोटो दाखवण्यापेक्षा छेदासकट चित्र दाखवलं की समोरचा माणूस पटकन मदत करू शकतो, त्याला हवी ती माहिती कागदावर आधीच असते.

पायरी 7: क्लास संपल्यावर

आठवड्याला एक झाड, घराच्या शंभर मीटरच्या आतलं. जवळपास झाडं नसतील तर पुण्यात एम्प्रेस गार्डन, मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, तिथे खाली पडलेली फुलं चालतात, तोडायची गरज पडत नाही. कासच्या पठारावर किंवा कुठल्याही संरक्षित जागी तर काहीही तोडायचं नाही, तिथे रस्त्याच्या कडेला बसून जेवढं दिसतं तेवढंच काढा, छेद नसला तरी चालेल. जून ते ऑक्टोबर रानफुलांचे महिने आणि फेब्रुवारी ते मे मोठ्या झाडांचे, त्याप्रमाणे आधीच ठरवून ठेवा.

प्रत्येक कागदावर तारीख, जागा, झाड किती उंच, पायाखाली माती कसली आणि आजूबाजूला काय होतं हे लिहा, हे नंतर आठवून लिहिता येत नाही. आणि चित्रात फळासाठी जागा रिकामी सोडा. ताम्हणाचं फूल मे महिन्यात काढलंत तर हिवाळ्यात त्याच झाडाखाली परत जा, वाळलेली बोंडं मिळतील, बहुतेक सहा फाकांनी उकललेली. आतलं बी चपटं असतं आणि त्याला एका बाजूने पातळ पंख असतो, ते दुप्पट मोठं करून त्या रिकाम्या जागेत काढा आणि खाली दुसरी तारीख टाका.