ब्रिटिश तांब्याचं नाणं: आधी मापा, मग वाचा

चिंच-लिंबाने घासू नका. चकाकी येते, पण वरचा जुना थर जातो आणि त्याबरोबर नाण्याची किंमतही.

हिशेब सोपा आहे. 4 फार्दिंगची 1 पेनी, 12 पेन्सचा (पेन्स म्हणजे पेनीचं अनेकवचन) शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. आपल्याकडे 12 पैंचा आणा होता, तसंच हे. 15 फेब्रुवारी 1971 पासून पौंड 100 पेन्सचा झाला.

खरी गोची मूल्य ओळखताना होते. 1860 पूर्वीच्या तांब्याच्या पेनीवर आणि हाफपेनीवर मूल्य लिहिलेलंच नसतं. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री. 1860 मध्ये ब्रॉंझ (तांब्याचा मिश्रधातू) आलं आणि त्यावर मूल्य लिहिलं जाऊ लागलं. पण अक्षरं झिजली की पुन्हा तोच प्रश्न. अशा वेळी ‘वजन करून बघा’ हा सल्ला अपुरा आहे. व्हिक्टोरियाची तांब्याची हाफपेनी 9.4 ग्रॅम आणि नंतरची ब्रॉंझची पेनीही 9.4 ग्रॅम! काटा दोन्हींना एकच आकडा दाखवतो. शिवाय झिजलेल्या नाण्याचं वजन घटतं, व्यास मात्र फारसा घटत नाही. म्हणून आधी कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) लावा. व्हिक्टोरियाचं तांबं: पेनी 34 मिमी, हाफपेनी 28, फार्दिंग 22. ब्रॉंझ: पेनी सुमारे 31, हाफपेनी 25.5, फार्दिंग 20.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. 1799 ची तांब्याची हाफपेनीही जवळपास 31 मिमी भरते. तिथे वजनच निवाडा करतं, कारण ती सुमारे साडेबारा ग्रॅमची असते.

1797 ची ‘कार्टव्हील’ (गाडीचं चाक) पेनी मात्र हातात घेताच कळते: 36 मिमी, 28 ग्रॅम, रुंद उंच काठ आणि त्यात खोल कोरलेली अक्षरं. ती बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडली. मुंबई इलाख्याची 1791 ची तांब्याची नाणीही तिथलीच.

नाव पुसलं असेल तर चेहऱ्याची दिशा बघा, दिवा तिरपा धरून. पहिला आणि तिसरा जॉर्ज उजवीकडे बघतात, दुसरा आणि चौथा डावीकडे. चौथा विल्यम उजवीकडे, व्हिक्टोरिया डावीकडे. अठराव्या शतकात ‘यू’ऐवजी ‘व्ही’ कोरत, ते खोटेपणाचं लक्षण नव्हे.

खोटेपणा तपासायचा तो 1770 ते 1775 च्या हाफपेनींचा. त्या काळातच त्यांच्या बनावट प्रती सर्रास चालत. अस्सल नाणं 10 ग्रॅमच्या आसपास असतं. 7 ग्रॅमचं, पातळ आणि ओबडधोबड चेहऱ्याचं नाणं अस्सल म्हणून विकत घेऊ नका.