उजळाईवाडी ते मुंबई: नॉन-रिफंडेबल तिकिटाचे कराचे पैसे परत मिळाले

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि तिच्यासाठी काढलेलं कोल्हापूर (उजळाईवाडी विमानतळ) ते मुंबई विमानाचं तिकीट अडकलं. तारीख बदलायची तर बदलाची फी आणि वर भाड्यातला फरक, दोन्ही मिळून मूळ तिकिटापेक्षा जास्त. राजारामपुरीतला एजंट म्हणाला, "दादा, नॉन-रिफंडेबल हाय, एक रुपया येत न्हाई."

मला ते पटलं नाही. ई-तिकीट उघडून भाड्याची फोड बघितली. मूळ भाडं वेगळं, खाली विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क), सुरक्षा शुल्क, जीएसटी अशा ओळी. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम स्पष्ट आहे: तिकीट रद्द केलं किंवा प्रवासच केला नाही, तरी वैधानिक कर आणि विमानतळाचे हे आकार प्रवाशाला परत द्यायचे, मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरीही. रद्द करण्याची फी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. परतावा देण्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत.

म्हणून तारीख न बदलता तिकीट रद्दच केलं. पीएनआर, फोडीचा स्क्रीनशॉट आणि नियमाचा उल्लेख, एवढंच ईमेलमध्ये लिहिलं. पहिलं उत्तर छापील नकाराचं आलं. मग एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली आणि तिचा क्रमांक कंपनीला कळवला. त्यानंतर चक्रं हलली, पैसे कार्डावर जमा झाले. सुविधा शुल्क तेवढं गेलं.

एजंटाकडून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, हे त्यालाही सांगून आलो. आईला नव्या तारखेला महालक्ष्मी एक्सप्रेसनं नेलं.