दारू सोडवायचीय? महाराष्ट्रात उपचार कसे मिळवावेत

बरेच घरचे लोक सुरुवातीलाच चूक करतात: बाटली फोडून टाकतात आणि पेशंटला कोंडून ठेवतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस बडबडू लागतो. यात जीवही जातो. फिट आली किंवा बडबड सुरू झाली तर थेट १०८ ला फोन करा.

म्हणून व्यसनमुक्ती केंद्राआधी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात म्हणजे सिव्हिलमध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागात जा. रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. दारूचं प्रमाण लाजेखातर कमी सांगू नका, औषधाचा डोस त्यावरच ठरतो.

जायचं कुठे हेच कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन फार खचलं असेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. दोन्ही मोफत.

शरीरातली दारू उतरल्यावर पुनर्वसन. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पण दुसरं कुठलंही केंद्र निवडताना तिथे आधी स्वतः जाऊन या. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, एकूण खर्च किती, हे विचारा. ‘आम्ही गाडी पाठवून उचलून आणतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये संमतीशिवाय दाखल करण्याची रीत ठरलेली आहे. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलायला कायद्याने मान्य असलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, शिवाय मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

चहात गुपचूप कालवायची ‘दारू सोडवणारी पावडर’ तर मुळीच नको. तीत डायसल्फिरम असेल आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. हेच औषध पेशंटला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर उपयोगी पडतं.

घरी आल्यावर फॉलोअपची तारीख चुकवू नका. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट, त्याच्या मीटिंगला फी नसते. घरच्यांसाठी असाच अल-अ‍ॅनॉन हा गट आहे. पेशंट उपचाराला तयार नसला तरी बायकोने किंवा आईने तिथे जायला हरकत नाही.