जवळचं कोणी 'मी गे आहे' म्हणालं तर? आणि त्यानंतर रोज काय?

सगळ्यात आधी, 'मला माहीतच होतं' असं म्हणू नका. मी म्हणालेलो. माझा जुना मित्र, जिन्यात उभा राहून, हातातली चावी बोटाभोवती फिरवत अर्धा तास इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी एकदाचं सांगितलं त्याने, आणि मी मोठ्या मनाचा असल्याच्या थाटात म्हणतो काय, तर 'अरे ते तर सगळ्यांनाच माहितीये'. चावी फिरायची थांबली. 'सगळ्यांना म्हणजे कोणाला?' एवढंच विचारलं त्याने. मला वाटलेलं मी त्याचं टेन्शन घालवलं, आणि त्याच्या डोक्यात मात्र ऑफिसपासून घरापर्यंत कोण कोण पाठीमागे बोलत असेल याची यादी सुरू झाली.

मग म्हणायचं काय? फार काही नाही, 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढं पुरतं. पण एक प्रश्न नक्की विचारा, अजून कोणाला माहितीये आणि माझ्याकडून कोणाला कळलेलं चालेल का. कारण हे एकदा सांगून संपत नाही हो, नवीन नोकरी, नवीन शेजारी, नवीन डॉक्टर, दर वेळी सांगायचं की नाही हे पहिल्यापासून ठरवावं लागतं, मित्रांत आउट असलेला, म्हणजे आपण गे आहोत हे उघड सांगितलेला माणूस, घरी आउट नसू शकतो. तुम्ही कौतुकाने जरी कुणाजवळ बोललात, अगदी स्वतःच्या बायकोजवळ, तरी त्याने सांगायची गोष्ट तुम्ही सांगून टाकलीत, आणि ते परत घेता येत नाही.

आईवडील असाल तर रडू येईल, येऊ दे, पण 'आमचं कुठे चुकलं' हे त्याच्यासमोर नको. आणि 'चांगल्या डॉक्टरला दाखवू' हे तर अजिबात नको. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला, म्हणून तर १७ मे हा होमोफोबियाविरोधी, म्हणजे समलैंगिकांच्या द्वेषाविरोधातला दिवस पाळतात. 'बदलून देतो' म्हणणाऱ्या थेरपीने कोणी बदलत नाही, उलट डिप्रेशन येतं, जीव द्यायचे विचार येतात. स्वतःला बोलायची गरज वाटली तर तुम्ही जा समुपदेशकाकडे, ते चांगलंच आहे. (आणि हो, गे आणि ट्रान्सजेंडर या दोन वेगळ्या गोष्टी. एक म्हणजे आपल्याला कोण आवडतं, दुसरी म्हणजे आपण स्वतः कोण आहोत.)

खरी परीक्षा नंतरची, रोजची. साधा हिशोब ठेवा, बाकीच्यांना जे विचारता तेच याला विचारा आणि जे विचारत नाही ते यालाही नाही. सहकाऱ्याला 'बायको बरी आहे का' विचारता ना, मग याच्या पार्टनरचं नाव घेऊन विचारा तो बरा आहे का. नाव लक्षात ठेवा, 'तुझा तो मित्र' नको. आणि तुमच्यात नवरा कोण बायको कोण, हा प्रश्न कितीही चेष्टेत असला तरी तुम्ही कुठल्या जोडप्याला बेडरूमचं विचारता का?

ग्रुपवर 'बायल्या' वगैरे जोक आला तर भाषण ठोकायची गरज नाही, 'यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही' एवढं टाका आणि गप्प बसा. तुमचा मित्र त्या ग्रुपमध्ये नसताना टाकलंत तर जास्त बरं, नाहीतर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडेच जातात.

चुकाल, चुकणारच, तेव्हा सॉरी म्हणून पुढे चला, तुमचं वाईट वाटणं त्यालाच आवरत बसायला लावू नका.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. आमच्या घरच्या प्रत्येक फंक्शनला या मित्राचा पार्टनर यायचा, सगळे छान बोलायचे, आणि ग्रुप फोटोची वेळ आली की कोणीतरी हमखास फोन त्याच्याच हातात द्यायचं, 'तू छान काढतोस रे'. त्यामुळे एवढ्या वर्षांत तो एकाही फोटोत नाही. मागच्या वेळी मावशीने त्याच्या हातातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि त्याला दंडाला धरून मधे उभं केलं. फोटो हललाय थोडा, माझ्यामुळे.