सोलापूरहून लंडन नेमकं किती लांब अन् किती तास? घरीच असं काढा

भाच्याचं लंडनचं तिकीट आलं तेव्हा आई म्हणाली, दोनला निघतंय अन् साडेसहाला पोचतंय, म्हणजे साडेचारच तास की. असं बरेच जण विचारायलेत म्हणून लिहितोय. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची लंडनची, त्यामुळं सरळ वजाबाकी करायचीच नाही.

आधी अंतर. पोरांचा पृथ्वीचा गोल घ्या आणि एक दोरा, आपल्याकडं चादरीच्या सुताला काय तोटा नाही. विषुववृत्तावर एक वेढा घालून दोरा मोजा, आमच्या गोलावर 94 सेंटीमीटर भरला, तो म्हणजे खरे 40,000 किलोमीटर. आता एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबून धरा आणि दोरा लंडनपर्यंत ताणा, सैल सोडू नका. 17 सेंटीमीटर येतो. 17 ला 94 नं भागून 40,000 नं गुणा, 7,200 च्या आसपास उत्तर येतं, विमानतळांमधलं अंतरही तेवढंच आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी मात्र लावू नका, तो सपाट केलेला असतो. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा ताणून बघा, नॉर्वे आइसलँडवरनं जातो, साडेबारा हजार किलोमीटर, आणि तोच सगळ्यात जवळचा रस्ता.

वेळेसाठी ताशी 850 धरा आणि चढाय-उतरायचा पाऊण तास मिळवा. 7,200 ला सव्वानऊ तास झाले. पण वर पश्चिमेकडनं पूर्वेला जोराचा वारा असतो, म्हणून जाताना दहा तास धरा, येताना नऊ. शिवाय विमान दोऱ्यासारखं सरळ जाईलच असं नाही, 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा बऱ्याच फ्लाइट वळसा घालून जायला लागल्या.

आता घड्याळ. दुपारी 2 ला निघून दहा तास म्हणजे आपल्याकडं रात्रीचे 12. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागं, म्हणून तिथं संध्याकाळचे साडेसहा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासच असतो, तेव्हा तिथं साडेसात वाजलेले असतील.

आपला प्रवास मात्र सोलापूर स्टेशनवरनं सुरू होतो. दोनच्या फ्लाइटला अकराला एअरपोर्टवर पाहिजे, आणि वंदे भारत साडेबाराच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते, म्हणजे ती चालणार नाही. आदल्या रात्री सिद्धेश्वर पकडा, सकाळी दादरला उतरा. घरातनं रात्री दहाला निघालं तर लंडनला टेकेपर्यंत 26 तास होतात, जेवणाचा डबा त्या हिशोबानं बांधा.

आणि घरच्यांनी बारा वाजल्यापासून फोन लावत बसू नका, इमिग्रेशन अन् बॅगा होऊन पोरगं बाहेर यायला रात्रीचा दीड तरी वाजतोच.