चित्राखालची एक ओळ
मुंबईतील काळा घोडा भागातील जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले आणि आजही तेथे प्रदर्शनाची तारीख मिळण्यासाठी चित्रकाराला दीर्घकाळ थांबावे लागते. हा काळ आपले काम लोकांपर्यंत नेण्यासाठी वापरावा. त्यासाठी दहा-बारा निवडक चित्रांची एकच पीडीएफ करावी, ती लोकलमध्ये मोबाइलवरही चटकन उघडेल इतकी हलकी ठेवावी आणि प्रत्येक चित्राखाली शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष व किंमत न चुकता लिहावी. किंमत लिहिण्याचा अनेकांना संकोच वाटतो. पण ‘किंमतीसाठी संपर्क साधा’ असे वाचल्यावर चित्र विकत घेणारा बहुधा संपर्क साधतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कॅनव्हासवर ॲक्रिलिक, २४ × ३६ इंच, २०२३, फ्रेमशिवाय’ एवढी ओळ वाचली की दादरच्या घरातील सोफ्यामागची भिंत त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता काढावेत. प्रदर्शनातील अभिप्रायवहीत मोबाइल क्रमांकाचा वेगळा रकाना आखावा आणि ज्यांनी तो स्वखुशीने भरला असेल त्यांना, ते ज्या चित्रासमोर रेंगाळले त्याचा आवर्जून उल्लेख करून, आठवड्याच्या आत आभाराचा संदेश पाठवावा.