हॅलोजन काढून एलईडी बसवताय? आधी गाडी भिंतीसमोर उभी करा

हेडलाइटमध्ये हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब बसवल्यानंतर पहिल्याच आठवड्यात रात्री वरंधा घाट उतरत होतो. समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला डिपर मारत होती. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, चालू राहिलाय की काय म्हणून मी दोनदा दांडी तपासली. अप्पर बंदच होता. एका वळणावर समोरचा ट्रक चक्क थांबला, कारण त्याला रस्त्याची कड दिसेना. त्या क्षणी पोटात गोळा आला. मला छान दिसावं म्हणून मी जे बसवलं होतं, त्याने दरीच्या बाजूने येणाऱ्या माणसाला आंधळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बल्ब काढून बघितले तेव्हा कारण सापडलं. ते समजून घ्यायचं तर जुना एच4 प्रकारचा हॅलोजन बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या बारीक तारा, असतात. पुढचं डिपरचं, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या झोताचं, मागचं अप्परचं. पुढच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक लहानशी वाटी असते. खाली जाणारा प्रकाश ती वाटी अडवते. तो अडला नाही तर रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीच्या, खालच्या भागावर आपटून वर जातो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यात. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या बारीकशा फिलामेंटची जागा धरूनच काढलेला असतो. जागा एक-दोन मिलिमीटर हलली तरी फोकस बिघडतो.

एलईडी बल्बमध्ये फिलामेंटऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना उजेड देणाऱ्या चिप असतात. बसवल्यावर या चिप डाव्या-उजव्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला यायला हव्यात. माझ्या गाडीत पट्टी तिरकी बसली होती. बल्बच्या कॉलरला एक बारीक अॅलन स्क्रू असतो, तो सैल करून बल्ब फिरवता येतो. बसवणाऱ्याने त्याला हातही लावला नव्हता. पट्टी सरळ केल्यावर निम्म्याहून जास्त त्रास गेला. विकत घेतानाच पट्टी जितकी पातळ मिळेल तितकी घ्या. जाड पट्टीवर दोन्ही चिप एकमेकींपासून लांब जातात, मग एका फिलामेंटची नक्कल होतच नाही. खोक्यावर छापलेल्या वीस हजार ल्युमेनला (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) भुलू नका. एच4 हॅलोजनचं डिपर साधारण 1000 ल्युमेनचं असतं आणि त्यावर लोक वर्षानुवर्षं रात्रीचे प्रवास करत आले आहेत.

भिंत खोटं बोलत नाही

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हॅलोजन काढायच्या आधी त्याच्या प्रकाशाची खूण करून न ठेवणं. संध्याकाळी सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, ड्रायव्हरच्या सीटवर कुणालातरी बसवा, डॅशबोर्डवर हेडलाइट वर-खाली करायची चकती असेल तर ती शून्यावर ठेवा. डिपर लावा. भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामधली रेषा दिसेल. डावीकडे ती थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेचा माणूस दिसायला हवा. त्या रेषेवर कागदी टेप चिकटवा. सर्वसाधारणपणे ती हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा सात-आठ सेंटिमीटर खाली असते.

आता एलईडी बसवून पुन्हा बघा. रेषा टेपवर आली आणि तिच्या वर अंधार राहिला तर ठीक. वर धुरकट उजेड पसरला, ठिपके आले किंवा रेषाच पुसली गेली, तर बल्ब फिरवून बघा. तरीही सुधारलं नाही तर तो बल्ब तुमच्या हेडलाइटचा नाही, कितीही महागडा असला तरी. नुसता हेडलाइटचा स्क्रू पिळून फोकस खाली करणं हा इलाज नव्हे. त्याने गाडीपुढचे दहा मीटर लख्ख होतात, डोळ्यांना त्या उजेडाची सवय लागते आणि लांबचा खड्डा उलट उशिरा दिसतो.

जर्मनीत 2020 मध्ये ओसराम या बल्ब बनवणाऱ्या कंपनीच्या एच7 प्रकारच्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, तीसुद्धा ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटपुरतीच. बल्ब एकटा मंजूर होत नाही, हेडलाइटशी त्याची जोडी जमावी लागते. आपल्याकडेही हेडलाइट मंजूर होतो तो विशिष्ट प्रकारच्या बल्बसकटच.

उजेड कमी का पडतोय, ते आधी शोधा

पुष्कळदा दोष हॅलोजनचा नसतोच. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. जुन्या गाडीत बॅटरीवर 14 आणि होल्डरवर 12 असं सहज निघतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. रिले किट (लहान करंटवर चालणारा विजेचा स्विच) बसवून जाड वायरने थेट बॅटरीवरून पुरवठा दिला की तोच बल्ब नव्यासारखा पेटतो. पिवळी पडलेली काच घासून पॉलिश करा. हे दोन्ही करून पाहिल्याशिवाय एलईडीवर पैसे घालू नका, असं मी कळकळीने सांगेन. मात्र रिलेशिवाय 100/90 वॉटचे हॅलोजन बसवू नका, होल्डर वितळतो.

रंगाचं म्हणाल तर 6000-6500 केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड शोरूममध्ये देखणा दिसतो. जुलैत माळशेजच्या धुक्यात आणि ओल्या डांबरावर तो साथ देत नाही. 4300 च्या आसपासचा घ्या.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

एक बाजू पेटतच नसेल तर घाबरू नका. एलईडीला प्लस-मायनस असतं, कपलर उलटा करून लावा. बऱ्याच वेळा एवढंच असतं. काही जपानी घडणीच्या गाड्यांमध्ये एच4 चा प्लस सामाईक असतो आणि स्विच मायनसवर चालतो. अशा गाडीत अप्पर-डिपर उलटसुलट वागतात, त्यासाठी वेगळा अॅडॉप्टर लागतो.

लाइट फडफडते किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते, कारण एलईडी कमी करंट घेतो आणि गाडीला बल्ब उडाला असं वाटतं. तिथे कॅनबस डिकोडर, म्हणजे गाडीला बल्ब ठीक आहे असं भासवणारा जोड, लागतो. लाइट लावल्याबरोबर एफएमवर खरखर येत असेल तर बल्बला वीज पुरवणारं सर्किट (ड्रायव्हर) हलक्या दर्जाचं आहे, बल्ब बदला.

हेडलाइटच्या मागचं रबरी झाकण काढून ठेवण्याची चूक फार होते. एलईडी बल्बच्या मागचा, त्याला थंड ठेवणारा पंखा मावत नाही म्हणून झाकण काढतात, मग पहिल्याच पावसात रिफ्लेक्टरवर पाणी आणि चिखल. याउलट, झाकण पंख्यावर दाबून बसवलं तर उष्णता कोंडून चिप मंदावते आणि लवकर मरते. झाकणाआड थोडी मोकळी जागा राहील असाच बल्ब निवडा. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचं धुकं आपोआप वाळायचं. एलईडी पुढे तेवढी उष्णता फेकत नाही, म्हणून आत साचलेला दमट थर टिकून राहतो. तो दिसला तर आधी हेडलाइटचं सील तपासा.

जुन्या मोटारसायकलवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनातल्या कॉइलच्या एसी करंटवर चालतो. त्यावर एलईडी लावला तर स्लोवर गाडी उभी असताना तो लुकलुकतो आणि रेस वाढवली की व्होल्टेज झेपत नाही. वायरमनकडून आधी डीसी करून घ्या, तेही कॉइल आणि बॅटरी तेवढा भार घेऊ शकते का हे बघून.

आणि काढलेले हॅलोजन फेकू नका, खोक्यात घालून डिकीत ठेवा. एलईडी गेला तर तो रस्त्यात दुरुस्त होत नाही. हॅलोजन दोन मिनिटांत बसतो. फक्त त्याच्या काचेला बोट लावू नका, फडक्याने धरा.